माइलस्टोन

माझी लेक बत्तिसाव्या आठवड्यात जन्मली, पूर्ण दिवसांच्या आठ आठवडे आधी. काचेच्या पेटीतून घरी आल्यावर डॉक्टरांच्या प्रत्येक भेटीत एक शब्द कानावर पडू लागला : माइलस्टोन. मान धरली का, पालथी पडते का, आधाराशिवाय बसते का, सगळे माइलस्टोनच.

शब्द मूळचा रस्त्यावरचा. रोमन लोक हजार दुहेरी पावलांचा एक मैल धरत आणि हमरस्त्यांवर दगड रोवत. पुढे इंग्रजीत कुठल्याही वाटचालीतल्या महत्त्वाच्या टप्प्याला हे नाव पडलं. आपणही एखाद्या सिनेमाला, संस्थेला ‘मैलाचा दगड’ म्हणतो, पण गौरव करताना, मागे वळून बघत. दवाखान्यात मात्र तो शब्द पुढे बघून उच्चारतात, म्हणून आईच्या पोटात गोळा येतो.

सहा महिने उलटले तरी लेक बसेना. “आमचा तर पाचव्यातच बसला,” असं नणंद म्हणाली, तेव्हा मला रडूच कोसळलं. डॉक्टरांनी शांतपणे हिशेब मांडला : “सहातून दोन वजा करा. ही चार महिन्यांची आहे असं समजा.” याला ते करेक्टेड एज म्हणतात; दोन वर्षांची होईपर्यंत असंच मोजायचं. मग त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेचा 2006 सालचा तक्ता दाखवला. त्यासाठी अभ्यासलेल्या पाच देशांतल्या मुलांमध्ये दिल्लीची मुलंही होती. आधाराशिवाय बसणं 3.8 ते 9.2 महिने, एकट्यानं चालणं 8.2 ते 17.6 महिने. प्रत्येक टप्प्यापुढे एवढी लांब पट्टी! शंभरातली चारेक मुलं तर गुडघ्यांवर रांगलीच नव्हती.

त्यानंतर मी लेकीकडे नीट बघू लागले. एका दुपारी सतरंजीवर ती दोन्ही तळवे पुढे टेकून बसली. एक हात उचलून वाटीकडे नेला, डुगडुगली, पण कलंडली नाही. मी तारीख लिहून ठेवली.

नव्या आयांना माझं एवढंच सांगणं आहे : नोंदी ठेवा, बाळ लवकर जन्मलं असेल तर तेवढे आठवडे वजा करा, शेजारच्या बाळाशी तुलना करू नका. मात्र पट्टी उलटून गेली, किंवा बाळाला आधी येत असलेलं येईनासं झालं, तर ‘होईल हळूहळू’ म्हणत थांबू नका. लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवा.