विळ्यावरची लाली

तासगाव तालुक्यातल्या आमच्या द्राक्षबागेवर केवडा रोग येऊ नये म्हणून आबा बोर्डो मिश्रण करायचे. एका बादलीत मोरचूद, दुसरीत चुन्याची निवळी. दोन्ही एकत्र झाले की विळ्याचे पाते त्यात बुडवायचे काम माझे. पाते तांबूस झाले की आबा म्हणत, "लाली चढली. आजून चुना घाल." मोकळे तांबे उरले तर पाने करपतात, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

2010 साली युरोपात गेलेली आपली द्राक्षे क्लोरमेक्वाटच्या अंशामुळे अडकली. शेतकरी त्याला लिहोसीन म्हणतात. फुटीची वाढ आवरायला ते सर्रास मारले जायचे. आमचाही माल त्यात होता. मर्यादा होती किलोमागे 0.05 मिलिग्रॅम. आबा रात्री ओट्यावर बसून विचारायचे, "एवढंसं म्हंजी किती गं?" मी दहावीत होते, मला सांगता आले नाही. आज सांगता येते: वीस टन द्राक्षांत एक ग्रॅम.

सातारला प्राणिशास्त्रात बी.एस्सी. केले, मग कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. "ह्यात नोकरी कुठं असती?" असे चुलते विचारत. विद्यापीठात एक प्रयोग केला, तो अजून डोळ्यांसमोर आहे. डाफ्निया, म्हणजे पाणपिसू. दोन-तीन मिलिमीटरचा, काचेसारखा पारदर्शक जीव; सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे हृदय धडधडताना दिसते. प्रत्येक चंचुपात्रात वीस सोडायचे, मोरचुदाची मात्रा वाढवत न्यायची आणि 48 तासांनी पात्र हलकेच हलवून पंधरा सेकंद बघायचे. जो पोहत नाही, तो मोजायचा. लिटरला मिलिग्रॅमच्या दशांशाइतके तांबे होते त्या पात्रात जवळजवळ सगळे तळाशी पडले होते. मला एकदम आमचा ओढा आठवला. फवारणी झाली की टाकी तिथेच धुतली जायची. ओढा येरळेला मिळतो आणि येरळा कृष्णेला. मी पेन खाली ठेवले आणि थोडा वेळ बाहेर जाऊन उभी राहिले.

आता मी अंश तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आहे. जानेवारी ते एप्रिल डोके वर काढायला सवड नसते. पाच किलोचा नमुना येतो, सालीसकट त्याचा लगदा करायचा, त्यातून फवारणीच्या औषधांचे अंश काढून यंत्रावर चढवायचे. एम.एस्सी.ला बरोबर असलेली एक मुलगी औषध कंपनीत नव्या औषधांचा विषारीपणा तपासते, एक जण साखर कारखान्याच्या सांडपाणी प्रकल्पावर आहे, एक प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परीक्षेची तयारी करतोय. चुलत्यांच्या प्रश्नाला एवढे उत्तर पुरे. पण खरे सांगायचे तर मला हे काम आवडते ते वेगळ्या कारणाने. नमुन्यावर फक्त क्रमांक असतो, गाव नसते, नाव नसते. आकडा मर्यादेच्या वर गेला की मी तोच नमुना पुन्हा लावते. त्या क्रमांकामागे कुणाचा तरी ओटा आहे, हे मला माहीत असते.

गेल्या फळछाटणीनंतर घरी गेले होते. आबांनी विळा माझ्या हाती दिला. पाते स्वच्छ निघाले. फवारणी संपल्यावर त्यांनी टाकी विसळली आणि ते पाणी पुन्हा बागेतच मारले. ओढ्याकडे बघत म्हणाले, "औंदा बेडकं वरडत्यात बघ."