परकोटाच्या शहरात बाबागाडी

चंद्रपूरला आलात, तर जटपुरा दरवाजापाशी क्षणभर थांबा. गोंड राजांच्या या परकोटाला जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर असे चार मोठे दरवाजे आहेत. शिवाय येण्याजाण्यासाठी पाच लहान ‘खिडक्या’. इको-प्रो संस्थेच्या कार्यकर्त्यांनी २०१७ पासून श्रमदानाने परकोट स्वच्छ केला, हे शहराचे भाग्यच. मात्र भिंतीच्या आतल्या बाजारात नातवंडाची बाबागाडी ढकलत निघालेल्या आजी-आजोबांना वाट सापडणे कठीण. पदपथावर कुठे दुकानाची पायरी आलेली असते, कुठे दुचाकी उभी असते, तर कुठे फरशीच उखडलेली असते. मग गाडी रस्त्यावर उतरते.

पायी चालणाऱ्यांसाठी भारतीय रस्ते काँग्रेसने २०१२ साली मार्गदर्शक सूचना दिल्या. पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी आणि कडेची उंची १५ सेंटिमीटरहून अधिक नसावी, असे त्यांत म्हटले आहे. वैद्यकीय दृष्टीने मला उतार त्याहून महत्त्वाचा वाटतो. वयानुसार चालताना पाऊल कमी उचलले जाते. बोटभर वर आलेल्या फरशीला अंगठा अडतो, तोल जातो आणि खुब्याचे हाड मोडते. तीच फरशी बाबागाडीचे पुढचे चाक अडवते. म्हणून घरात लहान मूल नसले, तरी ही तक्रार आपलीच समजा.

तोवर काही पथ्ये पाळावीत. बाबागाडी आपल्यापुढे हातभर असते. आपल्याला वाहन दिसण्याआधीच बाळ रस्त्यावर पोहोचलेले असते. वळणावर आधी स्वतः डोकावून पाहावे. कडेवरून उतरताना गाडी उलटी फिरवून मागची चाके आधी खाली घ्यावीत. पदपथच नसेल, तर उजव्या कडेने, समोरची वाहने दिसतील असे चालावे. आणि आपल्याकडे पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा उन्हापासून बचाव म्हणून गाडीवर ओढणी पांघरू नये. आतली हवा कोंडून बाळ अधिकच तापते. उन्हाळ्यात फिरणे सकाळी आठच्या आत उरकलेले बरे.

अर्ज मात्र अवश्य करावा, चंद्रपुरात महापालिकेकडे, गडचिरोलीत नगरपरिषदेकडे. ‘पदपथ दुरुस्त करावा’ असे मोघम लिहू नये. कोणत्या खांबापासून कोणत्या दुकानापर्यंत बाबागाडी किती वेळा खाली उतरवावी लागते, ते मोजून लिहावे.