दाण्यापलीकडची भूक

ऑस्ट्रालॉर्पला लोक सर्रास खादाड म्हणतात, आणि वरवर पाहिलं तर त्यांचं चुकतही नाही. मागच्या दाराची कडी वाजायचा अवकाश, परसाच्या दुसऱ्या टोकाची कोंबडी मान पुढे काढते आणि लुगड्याचा घोळ सावरत धावावं तशी डुलत येते. हातात भांडं आहे की नाही, हे ती वाटेतच हेरते. भांड्यात रात्रीचा भात असला तर विचारायलाच नको. पण मेलबर्नच्या आमच्या परसात या काळ्या कोंबड्या आल्यापासून मला तो आरोप पटेनासा झाला आहे. भाताचा फडशा पाच मिनिटांत पडतो. त्यानंतरचा अख्खा दिवस त्या काय करतात, ते बघायला कुणी थांबत नाही.

त्या उकरतात.

काजळी, बकुळा आणि शेवंती. तिघींची अंगं काळीभोर, आणि ऊन पडलं की पिसांवर हिरवी झाक चढते. पाय काळपट असले तरी तळवे पांढरट असतात. लिंबाखालचा पाचोळा मागे फेकताना काजळीचा तळवा क्षणभर दिसतो आणि लपतो. एकदा डावा पाय, दोनदा उजवा, मग एक पाऊल मागे आणि मान खाली. घाई अजिबात नाही. उघड्या पडलेल्या ओल्या मातीकडे ती आधी मान तिरकी करून एका डोळ्याने बघते. ऑस्ट्रेलियन संशोधक लेस्ली रॉजर्स यांनी पिल्लांवर केलेल्या कामातून दिसलं, की खडा कोणता आणि दाणा कोणता हे निवडायचं काम उजव्या डोळ्याचं, तर शिकारी पक्ष्यावर नजर ठेवायचं काम डाव्याचं. अंड्यात पिल्लू अशा बेताने वळलेलं असतं, की त्याचा उजवा डोळा कवचाकडे राहतो आणि जन्माआधीच त्याला उजेड मिळतो. हे वाचल्यापासून काजळीची तिरकी मान मी फार आदराने बघते. खाली एक डोळा, वर आभाळाला एक डोळा, आणि मग चोचीचा नेमका एकच टोला. गोगलगाय असली तर ती कवचासकट उचलून दगडावर आपटायची.

स्कॉटलंडमधल्या डंकन आणि ह्यूज या दोघांनी 1972 साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. कोंबडीपुढे खाद्याचं भांडं उघडं होतं. शेजारी एक कळ होती, ती चोचीने टोचली की तेच खाद्य पडायचं. फुकटचं समोर असतानाही कोंबड्या कळ टोचून खात राहिल्या. मला हा निष्कर्ष मुळीच अनपेक्षित वाटला नाही. आमच्याकडेही खाद्याचा डबा दिवसभर भरलेला असतो, त्यात त्यांना लागणारं सगळं असतं, तरी तिघींची पाठ बहुतेक वेळ डब्याकडेच असते.

चवीचं म्हणाल तर जिभेचे चोचले हा प्रकारच नाही. गोड ओळखणारी जनुकं कोंबडीत पुरती नाहीत, त्यामुळे शिऱ्यातली गोडी तिला कळतच नाही. मिरचीचा तिखटपणाही पक्ष्यांना झोंबत नाही. कांदेपोह्यांतल्या हिरव्या मिरच्यांचे तुकडे त्या आधी वेचतात, आणि पाहुणे आमच्याकडे संशयाने बघतात. दात नाहीत, म्हणून गिळलेलं सगळं आधी गळ्याच्या पिशवीत साठतं आणि मग पेट्यात, त्यांनी स्वतः वेचलेल्या बारीक खड्यांनी भरडलं जातं. संध्याकाळी माळ्यावर चढायच्या आधी ती पिशवी हाताला टणक लागते. अॅव्होकाडो आणि कच्चा राजमा तेवढा आम्ही त्यांच्यापासून लांब ठेवतो. दोन्ही त्यांना विषारी.

या भुकेमागे हिशेबही आहे. इंग्लंडच्या काळ्या ऑर्पिंग्टनवरून ऑस्ट्रेलियातल्या लोकांनी अंड्यांसाठी निवड करत करत ही जात घडवली. आमच्यापासून तासाभरावरच्या जीलाँगमध्ये 1922-23 साली सहा कोंबड्यांनी 365 दिवसांत 1857 अंडी घातली, म्हणजे कोंबडीमागे 309 च्या वर. जगभर नाव झालं ते त्यानंतर. भारतातही परसातल्या कोंबडीपालनात ही जात रुजली; केरळातली ग्रामलक्ष्मी ही ऑस्ट्रालॉर्प आणि व्हाइट लेगहॉर्न यांच्या संकरातून निघाली. एका अंड्याच्या कवचाला साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम लागतं आणि कवच चढतं मुख्यतः रात्री. म्हणून दुपार कलली की अंड्यावरची कोंबडी आपणहून शिंपल्यांच्या चुऱ्याकडे वळते. बकुळा सकाळी त्या वाटीला शिवतही नाही. चारनंतर मात्र ती तिथे उभी असते, एकेक कण निवडत. रात्री अंगात काय घडायचं आहे, याची गरज तिला भूक म्हणून जाणवते. याला हावरटपणा म्हणायचं तर जाणतेपणा कशाला म्हणायचं?

आणि शेवंती. मागच्या वसंतात ती खुडूक बसली. वस्तीत कोंबडा पाळायला परवानगी लागते, म्हणून फळलेली अंडी मैत्रिणीच्या शेतावरून आणून तिच्याखाली ठेवली. तिघींत सगळ्यांत अधाशी हीच, भातावर पहिली उडी हिची. पिल्लं निघाली आणि तिचं खाणंच पालटलं. गांडूळ सापडलं की ती ते उचलायची, खाली टाकायची, पुन्हा उचलायची, आणि सारखी टुक-टुक-टुक बोलवायची. पिल्लं येऊन ओढाओढ करेपर्यंत स्वतः गिळायची नाही. क्रिस्टीन निकोल आणि स्टुअर्ट पोप यांनी 1996 मध्ये दाखवलं, की जे खाद्य वाईट आहे असं आईला अनुभवाने माहीत आहे त्यावर पिल्लं चोच मारू लागली, तर ती आपलं हे टोचणं-उकरणं वाढवते, त्यांना बरोबर खाण्याकडे वळवायला. शेवंती पिल्लांना खाऊ घालत होती तशी शिकवतही होती. एक पिल्लू दाणा सोडून लाकडाच्या ढलपीला टोचत होतं, तर ती त्याच्या अगदी चोचीशी दाणा टाकून आपटत राहिली.

पावसाची झड आली म्हणून सगळ्यांना खोक्यात घेतलं. तळाला वर्तमानपत्र होतं, कोपऱ्यात वाटीभर चुरी. पिल्लांना अजून धड पिसंही फुटली नव्हती. त्यांनी चार दाणे टिपले आणि मग वाटीकडे पाठ करून, त्या गुळगुळीत कागदावर, खाली काहीही नसताना, सगळी मिळून उकरायला लागली.