नोरूझपर्यंतची कच्ची वाट

दहावीची परीक्षा झाली आणि माझी सायकल धाकट्या भावाकडे गेली ती गेलीच. अम्मी रागावल्या नव्हत्या. "आता मोठी झालीस," एवढंच म्हणाल्या. त्यानंतर तीस वर्षं मी सायकलवर बसले नाही. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत तुलूझला धाकट्या बहिणीकडे गेले, तेव्हा तिने इमारतीच्या तळघरात नेऊन एक सायकल दाखवली. "आपा, ही तुझ्यासाठी. दोन दिवसांसाठी भाड्याने आणलीय." आधी मला हसू आलं, मग पोटात गोळा आला.

तुलूझ हे दक्षिण फ्रान्समधलं गुलाबी विटांचं शहर. विमानं तिथे बनतात, बहिणीचे यजमान त्याच कामात इंजिनिअर आहेत. सुट्टीच्या दिवशी मात्र दोघं मुलाला घेऊन सायकलवर खेड्यांत निघतात, तेही डांबरी रस्ता टाळून. अशा फिरण्यासाठी जी सायकल असते तिला ग्रॅव्हल बाइक म्हणतात. हँडल शर्यतीच्या सायकलसारखं खाली वळलेलं, पण टायर चांगले चार सेंटिमीटर रुंद, हवा जरा कमी भरलेली. त्यामुळे खडी, मुरूम, माती कशावरही ती चालते, आणि चढावर पाय हलके पडतील असे गिअर असतात.

मला दोन भीती होत्या. एक पडण्याची, दुसरी डोक्यावरच्या स्कार्फची. फ्रान्सबद्दल आपण वाचलेलं असतं. 2004 च्या कायद्याने तिथल्या सरकारी शाळांत मुलींना स्कार्फ घालता येत नाही, शिक्षिकांना तर नाहीच. म्हणजे माझी नोकरी तिथे असती तर रोज शाळेच्या फाटकाशी मला तो उतरवावा लागला असता. रस्त्यावर बंदी आहे ती चेहरा झाकण्यावर, डोकं झाकण्यावर नाही. हे बहिणीने मला दोनदा समजावलं. पण कायदा कळला म्हणून लोकांच्या नजरांची धास्ती जात नाही. स्कार्फ घट्ट बांधला, वर हेल्मेट घातलं आणि सलवारची मोहरी मोज्यात खोचली. भाच्याला हेल्मेटची सक्तीच होती, तिथे 12 वर्षांखालच्या मुलांना कायद्यानेच ते लागतं.

बहिणीच्या यजमानांनी गाडीतून आम्हाला रेव्हेल या गावाजवळ सोडलं. तिथून 'रिगोल द ला प्लेन' नावाच्या पाण्याच्या कडेने जायचं होतं. रिगोल म्हणजे आपल्या भाषेत सरळ पाट, शेताला पाणी नेतो तसाच, फक्त मोठा. काठाने कच्ची वाट, कुठे बारीक खडी, कुठे नुसती माती, वर झाडांची सावली. मोटारीला मज्जाव.

या पाटाची गोष्ट मला शाळेतल्या मुलांना सांगावीशी वाटली. अटलांटिक महासागराकडून भूमध्य समुद्राकडे बोटी नेण्यासाठी एक कालवा काढायचा होता. अडचण एकच होती, मधे उंचवटा आहे. कालव्याचा दरवाजा उघडला की बोटीबरोबर थोडं पाणी खाली जातं, इकडे जातं आणि तिकडेही जातं. मग सगळ्यात उंच जागी पाणी टिकणार कसं? हे कोडं सोडवलं पिएर-पॉल रिके या माणसाने. तो इंजिनिअर नव्हता, मिठावरचा कर गोळा करणारा होता. जवळच्या काळ्या डोंगरातले ओढे अडवून त्यांचं पाणी पाटाने उंचवट्यावर आणायचं, ही त्याची कल्पना. चौदाव्या लुईने 1666 मध्ये मंजुरी दिली. 1667 मध्ये सां-फेरेओलचं धरण बांधायला घेतलं. एका वेळी 12 हजारांपर्यंत मजूर कामावर होते. त्यांत टोपल्यांनी माती वाहणाऱ्या बायकाही होत्या. पाऊस पडून काम बंद राहिलं तरी रिके मजुरी देत असे. घरचा पैसा घातला, कर्ज झालं, आणि 1680 मध्ये तो वारला. कालवा पुढच्या वर्षी, 1681 मध्ये सुरू झाला. 240 किलोमीटरचा हा 'कॅनाल द्यु मिदी' आज जागतिक वारसा आहे.

त्याने मोजून दिलेल्या उताराचा फायदा मला साडेतीनशे वर्षांनी झाला. पाणी ज्या वाटेने वाहतं तिथे चढ कुठून येणार? पाट टेकड्यांना वळसे घालत जातो, त्यामुळे अंतर वाढतं, पण दम लागत नाही. पहिला अर्धा तास मी हँडलचा वरचा दांडा गच्च धरून होते. मग हात सैल झाले. कडेने हिरवा गहू, त्यात लाल खसखशीसारखी रानफुलं. समोरून येणारा प्रत्येक जण 'बाँझूर' म्हणत होता. आपल्या खेड्यात अनोळखी माणूसही सलाम करतो ना, तसंच. नजरा होत्या का? होत्या. पण बहुतेक माझ्या डगमगत्या चाकाकडे.

या मुलुखाचं नाव लोरागे. पंधराव्या-सोळाव्या शतकात तो निळ्या रंगावर श्रीमंत झाला होता. 'पास्तेल' नावाच्या झाडाची पानं वाटून त्यांचे गोळे करत, त्यातून कापडासाठी निळा रंग निघे. तुलूझमधले मोठमोठे वाडे त्याच पैशावर उभे राहिले. मग बाजारात हिंदुस्थानची नीळ आली आणि पास्तेलचा धंदा बसला. त्या शेतांमधून जाताना मला उगीच थोडं अवघडल्यासारखं झालं.

अशा कच्च्या वाटा फ्रान्सभर आहेत. खेड्यांतल्या पुष्कळशा वाटा गावाच्या मालकीच्या आणि सगळ्यांसाठी खुल्या. मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर तुकड्यांची शेतं एकत्र केली गेली तेव्हा कित्येक वाटा नांगराखाली गेल्या. आपल्याकडच्या पाणंदींचं वेगळं काय झालंय?

जुहरच्या सुमारास, म्हणजे तिथल्या घड्याळात दोन वाजता, पाणी संपलं. दुपारी खेड्यातली दुकानं बंद. बहीण म्हणाली, "कब्रस्तानात नळ असतो." तिथल्या सायकलवाल्यांची ही नेहमीची युक्ती आहे. आम्ही फाटक उघडून आत गेलो. मी वुजूसाठी बाह्या वर करत होते तेवढ्यात एक म्हातारी बाई झारी घेऊन आली. माझा हात तिथेच थांबला. तिने आमच्याकडे पाहिलं, नळाकडे पाहिलं आणि बहिणीशी भराभर काहीतरी बोलली. मला वाटलं, झालं, आता बाहेर काढणार.

ती सांगत होती की हे पाणी पिण्याचं नाही, पाटीवर लिहिलंय, तुम्ही वाचलं नाही का! हातपाय धुवा खुशाल. मग आमच्या बाटल्या घेऊन ती समोरच्या घरात गेली आणि भरून घेऊन आली. जाताना माझ्या डोक्याकडे बोट करून पुन्हा काही बोलली. बहिणीने वाटेत सांगितलं, "तिची आई शेतात असाच रुमाल बांधायची म्हणे." भिंतीच्या सावलीत आम्ही नमाज पढलो. ती नवऱ्याच्या कबरीवरच्या फुलांना पाणी घालत होती.

पुढे एका वळणावर सैल खडीत मी पुढचा ब्रेक जोरात दाबला आणि आडवी झाले. कोपर सोललं. भाचा गंभीरपणे म्हणाला, "खालाजान, खडीत मागचा ब्रेक आधी." विद्यार्थी असेच शिक्षक होतात.

संध्याकाळी नोरूझला पोचलो. नाव ऐकून नवरोज आठवतो, पण संबंध काही नाही. हाच तो उंचवटा. पाटाचं पाणी इथे येतं आणि अर्धं एका समुद्राकडे, अर्धं दुसऱ्याकडे जातं. भाच्याने दोन काटक्या टाकल्या. जवळच्या शेतघरात मुक्काम केला. आधीच सांगून ठेवल्यामुळे जेवणात ऑम्लेट, पाव आणि सॅलड होतं. मगरिबची वेळ नऊनंतर झाली.

तुलूझकडून इथवर कालव्याची वाट डांबरी आहे, पुढे खडी सुरू होते. दुसऱ्या दिवशी कास्तेलनोदारीपर्यंत त्याच खडीवर गेलो. 'ओतां' नावाचा आग्नेयेचा वारा समोरून इतका येत होता की सपाटीवरही हलका गिअर घालावा लागला. या कालव्यावर 42 हजार चिनारजातीची झाडं होती. 2006 मध्ये त्यांना बुरशीचा रोग दिसला, तेव्हापासून हजारो तोडून जागीच जाळावी लागली. ही बुरशी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या लाकडी पेट्यांतून आली असं मानतात. काही ठिकाणी मैलभर सावली नाही, नुसती काठीला बांधलेली नवी रोपं.

कास्तेलनोदारी प्रसिद्ध आहे कासुले या पांढऱ्या घेवड्याच्या रश्श्यासाठी. त्यात डुकराचं मांस असतं, म्हणून आम्ही वास घेऊन पुढे गेलो, पाव आणि जर्दाळू घेतले. परतीला सायकलीसकट रेल्वे.

रात्री अम्मींना फोटो पाठवला. मी सायकलवर, कोपराला पट्टी. बराच वेळ उत्तर आलं नाही. मग त्यांचा आवाज आला, "या सायकलला कॅरिअर नाही का गं? मग डबा कुठे ठेवलास?"