पंचाहत्तर हर्ट्झची टेकडी

"आवाज भरपूर आहे रे, पण शब्द कुठे आहेत?"

गेल्या एप्रिलमधल्या एका रविवारी बाबा असं म्हणाले तेव्हा टीव्हीवर एक नवा सिनेमा चालू होता, रिमोट त्यांच्या हातात होता आणि शोकेसच्या काचा थरथरत होत्या. आईने स्वयंपाकघरातून "खालचे लोक येतील आता" असा इशारा दिला. बाबांनी आवाज कमी केला आणि उरलेला सिनेमा नुसता बघितला.

"स्पीकर गेलेत तुझे," ते नंतर म्हणाले.

"असतील," मी म्हणालो. बाबा चौऱ्याहत्तरचे आहेत. फोनवर ते हल्ली ‘सात’ला ‘आठ’ समजतात. पण दोष स्पीकरचा ठरवण्यात आम्हा दोघांचीही सोय होती.

आमचं होम थिएटर म्हणजे जुना, सेकंडहँड रिसीव्हर आणि पुढचे दोन बुकशेल्फ स्पीकर. मधला, संवादांचा सेंटर स्पीकर घेणं राहूनच गेलं. तो नाही असं रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये सांगितलं की संवाद पुढच्या दोघांत वाटले जातात. म्हणजे शब्दांची सगळी भिस्त या दोघांवर. नवे घ्यायला पैसे नव्हते. दहा हजारांच्या आत काय ते बसवायचं, असं ठरवून मी इक्वलायझरच्या मागे लागलो.

आधी तपकीर गल्लीत गेलो. एका दुकानदाराने जुना, दहा पट्ट्यांचा ग्राफिक इक्वलायझर काढून दाखवला. लहानपणी मित्राच्या घरी असाच होता आणि त्याचे वर-खाली नाचणारे दिवे बघायला आम्ही जायचो. मी खिशात हात घातलासुद्धा. पण दुकानदार प्रामाणिक निघाला. त्याने विचारलं, "रिसीव्हरला प्री-आउट आहे का?" नव्हतं. इक्वलायझर बसतो तो ॲम्प्लिफायरच्या आधी, जिथे सिग्नल अजून अशक्त असतो. माझ्या रिसीव्हरमध्ये ॲम्प्लिफायर आतच, आणि बाहेर येतात त्या थेट स्पीकरच्या तारा. "तिथे जोडलात तर धूर निघेल," तो म्हणाला.

म्हणजे आवाज रिसीव्हरमध्ये शिरण्याआधीच त्याला हात लावायला हवा. घरात एक जुना लॅपटॉप पडून होता. तो एचडीएमआयने रिसीव्हरला जोडला आणि त्यावर ‘इक्वलायझर एपीओ’ टाकला. तो फुकट आहे आणि फक्त डाव्या-उजव्या चॅनेलला फिल्टर लावता येतात. एक पथ्य मात्र पाळावं लागतं. डॉल्बीचा सिग्नल जसाच्या तसा रिसीव्हरकडे पाठवायचा नाही, तो लॅपटॉपलाच उलगडू द्यायचा. नाहीतर फिल्टरला काही करताच येत नाही. मोजमापासाठी ‘रूम ईक्यू विझार्ड’, तोही फुकट. पैसे गेले ते फक्त यूएसबीवर चालणाऱ्या मोजणीच्या मायक्रोफोनला, सातेक हजार.

मोजणी म्हणजे २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंत चढत जाणारी एक लांब शीळ. बाबांच्या बसायच्या जागी, त्यांच्या कानाच्या उंचीवर मायक्रोफोन बांधला आणि शीळ सोडली. तिसऱ्या वेळी खालच्या मजल्यावरचे काका वर आले. त्यांना चहा दिला. पडद्यावर आलेख होता आणि त्यात ७५ हर्ट्झच्या आसपास एक टेकडी, आजूबाजूपेक्षा ११ डेसिबलने उंच.

ही टेकडी स्पीकरची नव्हती, खोलीची होती. आमची खोली १५ फूट लांब, म्हणजे साधारण ४.५७ मीटर. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, एप्रिलातल्या पुण्यात थोडा जास्तच. ३४३ ला ४.५७ ने भागलं की ७५ येतात. या कंप्रतेची लाट खोलीच्या लांबीत नेमकी मावते, समोरासमोरच्या भिंतींमध्ये उभी राहते आणि भिंतींपाशी सगळ्यात जोरात ऐकू येते. आमचा सोफा भिंतीला टेकलेला. काचा थरथरत होत्या त्या यामुळे. खालच्या पट्टीतला मोठा आवाज वरच्या पट्टीतले नाजूक आवाज झाकून टाकतो. शब्द त्याखाली दबत होते.

पहिला उपाय फुकटचा होता. सोफा दोन फूट पुढे ओढला. टेकडी तीन-साडेतीन डेसिबलने खचली. "घराची पार धर्मशाळा केली," असं आई म्हणाली, पण आठवड्याची मुदत दिली. उरलेल्या टेकडीसाठी फिल्टर: ७५ हर्ट्झ, उणे ७ डेसिबल, आणि अरुंद. दहा पट्ट्यांच्या त्या ग्राफिक इक्वलायझरला हे जमलंच नसतं. त्याच्या पट्ट्या ६२ वर आणि १२५ वर, आणि प्रत्येक पट्टी शेजारपाजारचंही ओढून नेणारी. पॅरामेट्रिकमध्ये कुठे, किती आणि किती रुंद, हे तिन्ही आपण ठरवतो.

मग माझी नजर खड्ड्याकडे वळली. २२५ हर्ट्झच्या जवळ एक खोल घळ होती. स्पीकरचं तोंड टीव्हीच्या भिंतीपासून सव्वा फुटावर. भिंतीवरून परतणारा आवाज तिथे मूळ आवाजाच्या बरोबर उलटा येऊन त्याला खोडतो. मी तिथे १० डेसिबल वाढवले. घळ जवळपास तशीच राहिली. वाढवलेला आवाज भिंतीवरून परततानाही वाढूनच येतो आणि पुन्हा खोडला जातो. १० डेसिबल म्हणजे ॲम्प्लिफायरकडून दहापट वॅट मागणं, आणि ते सगळे वाया. मग शिकलो की टेकड्या छाटता येतात, असे खड्डे भरता येत नाहीत. आणि खोलीची दुरुस्ती २००-३०० हर्ट्झच्या खालीच करावी. त्याच्या वर मायक्रोफोन चार बोटं सरकवला तरी आलेख बदलतो.

त्या शनिवारी ‘सिंहासन’ लावला. १९७९ चा, जब्बार पटेलांचा, सगळा जीव संवादांत असलेला. बाबा ताठ बसून ऐकत होते. मध्येच त्यांचे ओठ हलले. शेवटी म्हणाले, "आता कसं, शब्द न् शब्द!" मी आलेखाची छापील प्रत कपाटाच्या दाराला चिकटवली.

दुसऱ्या दिवशी त्या रविवारचा अर्धवट सिनेमा पुन्हा लावला. दहा मिनिटांत बाबांनी विचारलं, "काय म्हणाली ती?" काचा गप्प होत्या, टेकडी गेली होती, मला प्रत्येक शब्द ऐकू येत होता. तेव्हा लक्षात आलं. ‘सिंहासन’ त्यांना पाठ आहे. तिथले खड्डे त्यांच्या आठवणीने भरले होते.

तरी मी हट्ट सोडला नाही. स, श, त, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख बरीचशी २,००० हर्ट्झच्या वर असते. तिथे ६ डेसिबल वाढवून ‘बाबा’ नावाची वेगळी फाइल केली. बाबा म्हणाले, "जरा बरं आहे." आईने दोन्ही कानांवर हात ठेवले. "काचेवर नखं ओढल्यासारखं होतंय. माझ्या कानांना काय झालंय? मी का सहन करू?"

तिचं बरोबर होतं. खोलीचा दोष सगळ्यांचा असतो, तो खोलीत दुरुस्त करता येतो. एका माणसाच्या कानाचा दोष खोलीत दुरुस्त करायला गेलं की बाकीच्यांना त्रास. त्या रात्री मी पहिल्यांदा सरळ म्हणालो, "बाबा, स्पीकर ठीक आहेत. कान तपासून घेऊ या का?"

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला माहीत होतं रे. तू एवढा खटपट करत होतास, म्हटलं होतंय तर होऊ दे."

तपासणीनंतर ऑडिओलॉजिस्टने कागद पुढे केला. उजव्या कानाची लाल वर्तुळं, डाव्याच्या निळ्या फुल्या. १,००० हर्ट्झपर्यंत रेषा बरी, मग उतार, ४,००० ला पार खाली. महिनाभर मी असेच कागद बघत होतो, त्यामुळे मला वाचता आला. नसता आला तर बरं झालं असतं. हा खड्डाही पूर्ण भरत नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. यंत्र उरलेल्यांपर्यंत आवाज पोचवतं, एवढंच.

यंत्र जुळवताना त्या संगणकावर एकेक पट्टी वर-खाली करत होत्या. बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "हा तुझाच धंदा की!"

यंत्राची किंमत माझ्या दहा हजारांत बसणारी नव्हती. बाबा ते बातम्यांना काढून ठेवतात, सिनेमाला लावतात. ‘बाबा’ फाइल मी पुसली. २२५ चा खड्डा आहे तिथेच आहे. सोफाही दोन फूट पुढेच राहिला. मागच्या मोकळ्या जागेत पावसाळ्यात आई कपडे वाळत घालते.