चामड्याचा वायसर

चूल बिघडली म्हणून कारागिराला बोलावणे धाडल्याचे वऱ्हाडात कोणी ऐकले नसेल. चुलीची कड ढासळली, वैलाला भेग पडली, की घरची बाई माती कालवायची, तीत भुसा आणि थोडे शेण मळायची, भेग बुजवायची आणि वरून पोतेरे फिरवायची. दुसऱ्या दिवशीच्या भाकरीला चूल पुन्हा सज्ज. या दुरुस्तीला पैसा लागत नव्हता, बाजारातला सुटा भाग लागत नव्हता, आणि पुरुषही लागत नव्हता. जळण वावरातलेच: पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या. पऱ्हाटी भडकन पेटते आणि तितक्याच लवकर राख होते, त्यामुळे चुलीपुढून क्षणभर उठायची सोय नाही. धुराविषयी मात्र त्या काळी कोणी चकार शब्द काढीत नसे. डोळे बाईचे होते, म्हणूनही असेल.

पुढे पातुरात, इतर गावांप्रमाणेच, स्टोव्ह आला आणि दुरुस्तीचा हा मान बाईच्या हातून निसटला. पितळी टाकी, तीन पाय, बाजूला पंप आणि मधोमध बर्नर अशी ही मूर्ती मूळची स्वीडनची. स्टॉकहोमच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट याने १८९२ साली ती घडविली आणि ‘प्रायमस’ या नावाने ती जगभर गेली. इतकी, की आपल्याकडे ‘प्रायमस’ हे एका मालाचे नाव न राहता त्या जातीच्या कोणत्याही स्टोव्हचे नाव झाले. त्याच्या पोटात जे तेल घालायचे त्याची नावेही अशीच सातासमुद्रांपलीकडून आलेली. ‘रॉक ऑइल’चे रॉकेल झाले आणि ‘गॅस लाइट’चे घासलेट. आमच्या भागातली म्हातारी माणसे या दोन्ही नावांना बाजूला सारून सरळ ‘मातीचं तेल’ म्हणत, आणि आम्हांला ते सर्वांत बरोबर वाटे.

स्टोव्हची खुबी अशी की त्यात तेल जळत नाही, तेलाची वाफ जळते. आधी हवेची चावी सैल ठेवून बर्नरच्या नळीला स्पिरिटमध्ये नाहीतर रॉकेलमध्ये बुडविलेला काकडा लावायचा. बर्नर पुरता तापला की चावी आवळायची आणि पंप मारायचा. टाकीतल्या हवेच्या दाबाने तेल वर चढते, तापलेल्या नळ्यांतून फिरताना त्याची वाफ होते, ती निपलच्या सुईएवढ्या छिद्रातून जोराने बाहेर पडते आणि हवेत मिसळून निळी जळते. बर्नर पुरता तापण्याआधीच पंप मारला तर वाफेऐवजी तेलच उसळते आणि पिवळा भडका उडतो. अशा वेळी एकच करायचे असते: हवेची चावी मोकळी करायची. दाब गेला की भडका आपोआप बसतो. हे इतके विस्ताराने सांगण्याचे कारण पुढे येईल.

बिघाडही मोजकेच. पंप मारला तरी हात पोकळ जातो, म्हणजे पंपाच्या दांड्याच्या टोकाशी असलेला चामड्याचा वायसर वाळला. हा वायसर वाटीसारखा असतो. दांडा आत दाबला की त्याची कड फुलून नळीला चिकटते आणि हवा पुढे रेटते, दांडा मागे ओढला की ती कड मिटून बाजूने हवा आत घेते. चामडे वाळले की हे फुलणे-मिटणे थांबते. ज्योत एकाएकी मंदावली, म्हणजे निपलमध्ये काजळी. तिला पिन घालायची. ज्योत पिवळी होऊन भांड्याची बुडे काळी पडू लागली, म्हणजे वारंवार पिन घालून छिद्र मोठे झाले. तिथे पिन कामाची नाही, निपल बदलायचे. बर्नरच्या बुडाशी तेल पाझरले, तर तिथला शिशाचा वायसर बदलायचा. एवढ्या चार गोष्टी ज्याला कळतात त्याला स्टोव्ह कळला.

आमच्या आईला त्या कळल्या होत्या. आठवडी बाजारात स्टोव्ह दुरुस्त करणारे एक म्हातारे गृहस्थ गोणपाट अंथरून बसत. आई नवा स्टोव्ह घ्यावा की काय अशा विचारात असताना ते तिला म्हणाले, “कायले नवा घेता बाई, वायसर तं सुकला हाये. राती तेलात भिजू द्या, सकाळी पाहा.” आईने वायसर भिजविला, बोटांनी त्याची कड फुलविली, दांडा परत बसविला आणि स्टोव्ह घुमू लागला. पुढच्या बाजारी ती त्यांच्या गोणपाटाशेजारी तासभर बसली. ते म्हातारे जसे कुशल तसे उदारही होते. त्यांनी तिला सगळे दाखविले, निपलची लांब दांड्याची चावीही दिली आणि वर म्हणाले, “आता तुमीच करा जी गल्लीतले, मले एवढ्या दुरून ओझं आणनं होत नाही.” तेव्हापासून आमच्या ओसरीवर गल्लीतले स्टोव्ह येऊ लागले. आई मजुरी घेत नसे; सुट्या भागाचे पैसे तेवढे घेई. एका डब्यात वायसर, पिना, निपले आणि काकड्याचा चिमटा असे. अकोल्याला मिस्सेला जायचे तर तीसेक किलोमीटरचा एस.टी.चा प्रवास, आणि मिस्सा झाल्यावर बाजारातून या डब्याची भरती, हा आमच्या घरचा रिवाज होता. नाताळच्या सुमारास धर्मगुरू आमच्याकडे येत आणि गावातली चार-पाच ख्रिस्ती कुटुंबे ओसरीवर जमत, तेव्हा वर टांगलेल्या गॅसबत्तीच्या पंपातही आईनेच बसविलेला वायसर असे.

सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठात बंधू लॉरेन्स नावाचे एक लंगडे जुने शिपाई होते. त्यांनी मठाच्या मुदपाकखान्यात पुष्कळ वर्षे राबून काढली आणि पाय चालेनासा झाला तेव्हा त्यांना मठवासीयांच्या चपला दुरुस्त करण्याच्या कामावर नेमण्यात आले. १६९१ साली ते वारले. देवाच्या सान्निध्याविषयीचे त्यांचे विचार आज जगभर वाचले जातात. पण आम्हांला त्यांचे आयुष्य आठवते ते मुदपाकखाना आणि चामडे या दोन शब्दांमुळे. आईने त्यांचे नाव ऐकले असण्याचा संभव नाही.

आता ज्या कारणासाठी भडक्याची गोष्ट वर विस्ताराने सांगितली त्याकडे वळू. १९७० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत वर्तमानपत्रांत एक वाक्य नित्य छापून येई: स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू. वाचणाऱ्याला ते वाक्य इतके सवयीचे झाले होते, की स्टोव्ह सासूला, नणंदेला किंवा दिराला कधीच का भाजत नाही, हे कोणी विचारीत नसे. १९८१ च्या उन्हाळ्यात ते वाक्य आमच्या गल्लीत आले. दीड वर्षापूर्वी लग्न होऊन आलेली एक मुलगी भाजली आणि तिसऱ्या दिवशी वारली. तिचा स्टोव्ह आठ दिवसांपूर्वी आईनेच दुरुस्त करून दिला होता: नवा वायसर, नवे निपल. संध्याकाळपर्यंत गल्लीत कुजबुज सुरू झाली, की बाईमाणसाने दुरुस्ती केल्यावर दुसरे काय होणार.

आई कोणाशी भांडली नाही. चौकशीसाठी माणसे आली तेव्हा ती तिथे गेली आणि तो स्टोव्ह आपल्याला पाहू द्यावा असे म्हणाली. आम्ही तिच्या मागे उभे होतो. तिने स्टोव्हला एका बोटानेही हात लावला नाही. वाकून फक्त पाहिले आणि जे दिसले ते एकेक करून सांगितले. टाकीचा सांधा कुठेही उकललेला नाही. तेल भरायचे झाकण घट्ट आहे. तळाशी तेलाचा पाझर नाही. बर्नर तिने राखेने घासून दिला होता, तो तसाच पिवळाधमक आहे. त्याच्यावर ताज्या काजळीचा ठिपका नाही. आणि चिमट्यातला काकडा, जो तिने स्वतः नव्या चिंधीचा करून दिला होता, तो पांढराच आहे. “हा स्टोव्ह पेटलाच नाही,” ती म्हणाली, “मग याचा भडका कसा उडाला, ते तुम्ही यांना विचारा.”

हे लिहून घेण्यात आले किंवा नाही, आम्हांला कळले नाही. प्रकरण अपघात म्हणून मिटले. मुलीचे वडील बैलगाडीने आले होते, ते तसेच परत गेले.

त्यानंतर महिनाभर ओसरीवर एकही स्टोव्ह आला नाही. मग हळूहळू बायका पुन्हा येऊ लागल्या. आईने मात्र एक नवी रीत घालून घेतली. दुरुस्त झालेला स्टोव्ह ती कोणाच्या हाती देत नसे; ती स्वतः त्या घरी जाई, सासूला समोर बसवी, काकडा लावी, पंप मारी, ज्योत निळी झालेली दाखवी आणि मग म्हणे, “पाहा जी, यात आता काही दोष नाही.” सुनेकडे ती त्या वेळी पाहतही नसे. तिची ही फेरी शेजारपाजाऱ्यांना थोडी विक्षिप्त वाटे. सासवांना ती काय आहे हे पक्के कळत असे.

कायद्याला जाग यायला आणखी थोडा काळ लागला. १९८३ साली भारतीय दंडसंहितेत ४९८-अ हे कलम आले आणि १९८६ साली ३०४-ब. लग्नापासून सात वर्षांच्या आत विवाहितेचा जळून किंवा अन्य अनैसर्गिक कारणाने मृत्यू झाला आणि त्याच्या थोडेसे आधी हुंड्यासाठी तिचा छळ झाल्याचे दिसले, तर तो हुंडाबळी मानायचा आणि किमान सात वर्षांची शिक्षा द्यायची, असे त्यात ठरले. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तीत हुंडाबळीचे कलम ८० वे आहे. स्टोव्ह घरांतून जवळजवळ गेला, कलम मात्र अजून लागते.

विजेच्या शेगडीचे आम्हां भावंडांना अधिक आकर्षण होते. तिची चिनीमातीची थाळी, थाळीतल्या नागमोडी खाचा आणि खाचांत बसविलेली कॉइल. ही तार निकेल आणि क्रोमियम यांच्या मिश्रणाची. अमेरिकेत अल्बर्ट मार्श याने १९०६ साली तिचे पेटंट घेतले. कॉइल तुटली की घरोघरी एक उपाय करीत: तुटलेली टोके एकमेकांत पिळायची. त्याने शेगडी चालते, पूर्वीपेक्षा जास्त तापतेही, कारण तार तेवढी आखूड झाली, तिचा विरोध कमी झाला आणि प्रवाह वाढला. पण पिळलेल्या जागी ती चार दिवसांत पुन्हा जळते. खरा उपाय म्हणजे त्याच वॅटची नवी कॉइल आणून, ती सगळीकडे सारखी ताणून, खाचांत बसविणे. एका जागी दाट आणि एका जागी विरळ राहिली तर दाट जागी लालबुंद होऊन तिथेच तुटते. नाताळच्या केकसाठी आणलेल्या गोल ॲल्युमिनियमच्या ओव्हनलाही हेच लागू. आम्ही आधी प्लग काढून भिंतीवर लटकवून ठेवीत असू, केवळ बटण बंद करून भागत नाही म्हणून. त्या काळच्या वायरिंगमध्ये बटण कोणत्या तारेवर बसविले आहे याचा भरवसा नसे.

१९८८ साली गॅस आला. शेगडीच्या बर्नरखाली हवा आधी मिसळून मग निळी ज्योत करायची ही युक्ती १८५५ च्या सुमाराची, हायडेलबर्गच्या बुन्सेनची. आणि ठिणगीच्या लायटरमागे क्यूरी बंधूंनी १८८० साली शोधलेला स्फटिकाचा गुण आहे. म्हणजे ओट्यावर नवे असे काही आले नव्हते. पण गॅसच्या बाबतीत आईने घरात एक रेघ आखून दिली, आणि ती आम्ही आजही मोडीत नाही. बर्नर काढून धुणे, त्याची भोके सुईने मोकळी करणे, पाच वर्षे होताच नळी बदलून आय.एस.आय. शिक्क्याची नवी लावणे, सांध्यांना साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का पाहणे, एवढे आपले. रेग्युलेटर आणि शेगडीची कॉक उघडणे हे आपले नव्हे. रॉकेलचा पाझर डोळ्यांना दिसतो. गॅस दिसत नाही, हवेपेक्षा जड असल्यामुळे फरशीवर साचून राहतो, आणि त्याला येतो तो वासही मुद्दाम मिसळलेला असतो. स्वतः सगळे उघडून पाहणाऱ्या बाईने ही रेघ आखावी याचे आम्हांला तेव्हा आश्चर्य वाटले होते.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात वस्तू वापरून फेकून देण्याच्या वृत्तीवर बोट ठेवले. भारत सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी त्याचे संकेतस्थळ उघडले. युरोपीय संघाने २०२४ साली तसा कायदाच केला. हक्क चांगलाच आहे. पण सुटा भाग मिळाला तरी तो कुठे बसतो हे गोणपाटावर तासभर बसवून कोणी दाखवावे, याची तरतूद कोणत्या कलमात करणार?

आईचा डबा आमच्याकडे आहे. निपलची चावी आज कशालाच लागत नाही. पिनांना गंज चढला. वायसर एकच उरला होता, तेलाच्या चिंधीत गुंडाळलेला, म्हणून अजून मऊ. परवा शेजारचा मुलगा सायकलचा पंप घेऊन आला. हात पोकळ जातो म्हणाला. वायसर मापाला किंचित मोठा होता. कड कातरून आम्ही तो बसवून दिला.