निन्टेंडोच्या गावात राहतो, पण आतली बातमी नाही



गेल्या आठवड्यात इथे एका ताईंनी विचारलं होतं की मुलगा गेम खेळण्यापेक्षा "पुढचा गेम कधी येणार, काय लीक झालं, कोण काय म्हणालं" हेच व्हिडिओ जास्त बघतो, तर ते बंद करावं का. बऱ्याच जणांनी वाय-फायचा पासवर्ड बदला असं सांगितलं. मी तेव्हा काही लिहिलं नाही, कारण माझं उत्तर दोन ओळींत मावणारं नव्हतं. आज शनिवार आहे, घरात शांतता आहे, म्हणून सविस्तर लिहिते. पोस्ट मोठी आहे, आधीच सांगून ठेवते.

आम्ही क्योतोत राहतो. क्योतो म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर देवळं, चेरीची झाडं आणि किमोनो येत असतील. आमच्या भाचेमंडळींच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट येते, निन्टेंडो. कंपनी इथलीच. १८८९ साली फुसाजिरो यामाउची यांनी ती इथे सुरू केली ती पत्ते बनवण्यासाठी, फुलांची चित्रं असलेले 'हानाफुदा' पत्ते. जुन्या कचेरीच्या इमारतीत २०२२ पासून हॉटेल चालतं. आताचं मुख्य कार्यालय दक्षिणेला मिनामी वॉर्डात आहे. पांढरीशुभ्र, चौकोनी, अगदी बिनरंगाची इमारत. मारिओ नाही, झेंडा नाही, आत जायची सोय नाही. पुण्याहून ताई आली होती तेव्हा तिला लांबून दाखवली, तर म्हणाली, "अगं, आयकर भवनसुद्धा याहून बरं दिसतं."

पण भाच्यांना हे कोण सांगणार? ताईचा मुलगा, म्हणजे आमच्या चिरंजीवांचा दादा, तेव्हा नववीत होता. आमचा पाचवीत. एरवी या दोघांचं बोलणं म्हणजे "कसा आहेस", "बरा आहे", "जेवलास का", "हो", आणि फोन परत आईकडे. तुमच्याकडेही हेच चालत असेल. पण २०२४ च्या मे महिन्यात अचानक रोज मेसेज सुरू झाले. मराठीत! रोमन लिपीत, स्पेलिंगचा आनंदीआनंद, पण मराठीत. कारण दादाला हिंदीपेक्षा मराठी सोपी आणि आमच्याला इंग्रजीपेक्षा मराठी सोपी. विषय एकच, नवीन स्विच कधी येणार.

झालं असं की ७ मे २०२४ ला निन्टेंडोचे अध्यक्ष शुन्तारो फुरुकावा यांनी कंपनीच्या खात्यावरून जाहीर केलं की स्विचच्या पुढच्या मशीनबद्दलची घोषणा या आर्थिक वर्षात होईल. बस, एवढंच. आता जपानचं आर्थिक वर्ष आपल्यासारखंच, एप्रिल ते मार्च. म्हणजे मुदत ३१ मार्च २०२५. माझे जिजाजी बँकेत आहेत, त्यांना हे एका वाक्यात कळलं. पण दादा ज्या युट्युबवाल्यांना ऐकत होता त्यांनी त्याच वाक्यातून जून काढला, मग ऑगस्ट काढला, मग "सप्टेंबर पक्का" झाला. सप्टेंबर कोरडा गेला, तर ऑक्टोबर पक्का.

आणि प्रत्येक पक्क्या तारखेला दादाचा प्रश्न यायचा, "तू तिथे राहतोस ना, मग सांग ना!"

अमेरिकेतल्या शाळांमध्ये फार पूर्वीपासून एक विनोद आहे. प्रत्येक वर्गात एक मुलगा असतो जो छातीठोकपणे सांगतो, माझे काका निन्टेंडोत आहेत, त्यांनी मला आतलं सांगितलंय. काका अर्थातच नसतात. आमची गंमत अशी की इथे असे काका खरंच असतात. चिरंजीवांच्या वर्गातल्या एका मुलाचे बाबा तिथे नोकरीला आहेत. आणि त्या मुलाला कुणीही, कध्धीही काही विचारत नाही. मी मुद्दाम विचारलं, का रे? तर म्हणाला, "आई, विचारलं तर त्याला त्रास होईल. त्याला पण माहीत नाही. त्याचे बाबा घरी सांगत नाहीत." काखेत कळसा खरा, पण त्याला झाकण घट्ट बसवलेलं.

२ ऑक्टोबर २०२४ ला इथून जवळच उजी शहरात ओगुरा भागात निन्टेंडोचं म्युझियम उघडलं. पूर्वी तिथे त्यांचा कारखाना होता. तिकीट सोडतीने मिळतं, आपल्या म्हाडासारखं. दादाची खात्री होती की उद्घाटनाच्या दिवशी आत नवीन मशीन ठेवलेलं असणार. आत होतं ते सगळं जुनं, पत्त्यांपासून पुढे, आणि मुख्य दालनात फोटोला बंदी. आठवड्याभराने, ९ ऑक्टोबरला, कंपनीने खरंच एक नवीन वस्तू जाहीर केली. गजराचं घड्याळ! 'अलार्मो' नावाचं, गोल, लाल. त्या दिवशी दादाने पाठवलेले मेसेज इथे लिहिण्यासारखे नाहीत.

आता मुद्द्यावर येते.

आमच्या मुलाची मराठी वाईट नाही. पण तिच्यात एक भोक होतं आणि ते मला इतकी वर्षं दिसलं नव्हतं. तो ऐकलेली गोष्ट आणि स्वतः पाहिलेली गोष्ट एकाच सुरात सांगायचा. "नवीन स्विच सप्टेंबरमध्ये येणार आहे." "त्याचं नाव सुपर स्विच आहे." रविवारी आजीशी व्हिडिओ कॉल असतो, तिलाही हेच. एकदा आजीने विचारलं, "येणार आहे, की येणार आहे म्हणे?"

तो गप्प. त्याला 'म्हणे' माहीतच नव्हतं. म्हणजे ऐकलं असणार शंभरदा, पण कान त्यावरून पुढे गेला असणार. मग आजीने समजावलं. आपण डोळ्यांनी बघितलं तर "पाऊस पडला". शेजारच्या काकूंनी सांगितलं तर "पाऊस पडला म्हणे". गोष्टीतसुद्धा "एक राजा होता म्हणे", कारण राजाला कोणी पाहिलाय?

विचार केलात का कधी, केवढी सोय आहे ही! एक छोटासा शब्द वाक्याच्या शेपटीला लावला की जबाबदारी ज्याची त्याच्याकडे. इंग्रजीत त्यासाठी बऱ्याचदा अख्खं वाक्य पुढे जोडलं जातं, आणि बरेच लोक ते गाळतात. जपानीत मात्र आहे, 'राशीइ' म्हणतात, तेही वाक्याच्या शेवटीच. आणि आमच्या या कान्साई भागात तर एक खास शेपूट आहे, 'शिरान केदो'. ओसाकावाली माणसं पाच मिनिटं ठासून काहीतरी सांगतील आणि शेवटी हसत म्हणतील, शिरान केदो, म्हणजे "मला काही माहीत नाही हं!" २०२२ साली जपानच्या त्या वर्षीच्या गाजलेल्या शब्दांच्या पहिल्या दहांत तो आला होता. चिरंजीव शाळेत हे दिवसभर बोलतो. घरी मराठीत बोलताना मात्र ते शेपूट गळून पडायचं.

आजीच्या शिकवणीनंतर दोन आठवडे नुसता धुमाकूळ. "आई, मला भूक लागली म्हणे." आजी फोनवर पोट धरून हसली, "तुझी भूक तुला दुसऱ्याने येऊन सांगितली का रे?" "बाबा झोपले म्हणे", आणि बाबा समोर घोरतायत. पण हळूहळू बसलं. आणि मग दादाला जाणारे मेसेज बदलले. "Navin Joy-Con magnet ne chiktat mhane" हे मी माझ्या डोळ्यांनी वाचलं. (रोमन लिपीबद्दल माफी, त्याचं तसंच उतरवलंय.) पुढे तर दोघांनी पायऱ्याच पाडल्या. कंपनी बोलली तर नुसतं वाक्य. एखाद्या वर्तमानपत्राने छापलं तर एक म्हणे. युट्युबवाला असेल तर "म्हणे म्हणे". आणि दादाच्या वर्गातला कुणी असेल तर "म्हणे म्हणे शिरान केदो".

हे सगळं हसण्यावारी चाललं असतं. पण नोव्हेंबरात ताईचा फोन आला. दादाने दिवाळीचे आणि वाढदिवसाचे मिळून पाच हजार साठवले होते आणि ते त्याला इन्स्टाग्रामवरच्या एका पेजला पाठवायचे होते. भारतात निन्टेंडोची मशीन्स दुकानदार बाहेरून आणूनच विकतात, त्यामुळे असली पेजेस बरीच. हे पेज 'स्विच टू' चं बुकिंग घेत होतं. पाच हजार आता, बाकीचे माल आल्यावर, पहिल्या शंभरांना डिसेंबरात घरपोच. ताई म्हणाली, "मी नाही म्हटलं तर ऐकत नाही. म्हणतो, छोटा क्योतोत आहे, त्याला विचारतो. तो हो म्हणाला तर भरणार."

माझ्या पोटात गोळा आला. दहा वर्षांच्या मुलावर पाच हजारांचा निर्णय. आणि मला माहीत होतं की दादाने विचारलेलं याला किती आवडतं. अख्ख्या मावस-चुलत गोतावळ्यात हा एकटाच लांब, गणपतीला नाही, मुंजीला नाही. या एका विषयात त्याला मान होता. तिथे "मला माहीत नाही" म्हणणं म्हणजे हातातली खुर्ची सोडणं. मी मध्ये पडले नाही, फक्त बाजूला कांदा चिरत बसले.

दादाने विचारलं, "ब्रो, डिसेंबरला येतोय ना? पक्कं सांग."

चिरंजीव थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "दादा, कंपनीने अजून नाव पण नाही सांगितलं. फुरुकावा-सान बोलले फक्त मार्चपर्यंत सांगणार. येणार नाही बोलले, *सांगणार* बोलले. डिसेंबर कोण म्हणे?"

पलीकडे शांतता. मग दादा, "ते पेज म्हणे."

"मग दोन म्हणे," हा म्हणाला.

व्याकरण जाऊ दे खड्ड्यात. मी कांद्याच्या नावाखाली डोळे पुसून घेतले.

दादाने पैसे भरले नाहीत. चार दिवस रुसला होता, याला "तुला काहीच माहीत नसतं" असंही म्हणाला, आणि चिरंजीव त्या रात्री न जेवता झोपला, हेही सांगायला हवं. दादाच्या वर्गातल्या एकाने भरले होते. डिसेंबर गेला, मशीन आलं नाही, आणि पुढे ते पेजही दिसेना.

पण म्हणून सगळ्या अफवा खोट्या असं मी मुलांना सांगितलं नाही, कारण तेही खरं नाही. जानेवारी २०२५ मध्ये लास वेगासच्या प्रदर्शनात गेन्की नावाच्या, मशीनचं सामान बनवणाऱ्या कंपनीने नव्या स्विचची प्रतिकृती दाखवली. निन्टेंडोने सांगितलं की हे आमचं अधिकृत नाही. मुलांनी लगेच 'खोटं' असा शिक्का मारला. मग १६ जानेवारीला रात्री दहाला (भारतात साडेसहा) निन्टेंडोचा व्हिडिओ आला, आणि मशीन बरंचसं तसंच दिसत होतं. लोहचुंबकाची गोष्टही खरी निघाली. "अधिकृत नाही" आणि "खोटं आहे" यांत फरक आहे, हे समजावायला मला दोन संध्याकाळी लागल्या. उलट २०१६ मध्ये, पहिला स्विच यायच्या आधी, त्याच्या कंट्रोलरचे म्हणून दोन फोटो जगभर फिरले होते. दोन्ही बनावट, आणि एकाने तर ते कसं बनवलं याचा व्हिडिओच टाकला. हे मी दाखवल्यावर दोघं त्या बनावट कंट्रोलरच्याच प्रेमात पडले.

पुढचं पटकन सांगते. २ एप्रिलला तारीख आणि किंमत कळली, ५ जून २०२५, जपानमध्ये ४९,९८० येन. पुण्यात उड्या! "मावशी, येताना आण, स्वस्त आहे." पण बारीक अक्षरात लिहिलं होतं की हे मशीन फक्त जपानी भाषेत चालणार आणि त्याला जपानचंच खातं लागणार. सगळ्या भाषांचं हवं तर ६९,९८०. वीस हजार येन भाषेचे! ही अट एकाही लीकवाल्याने आधी सांगितल्याचं या दोघांना आठवत नाही. कुणी इथून नेणार असाल तर खोक्यावर नीट बघून घ्या.

शिवाय कंपनीच्या दुकानात इथेही सोडतच. अट अशी की फेब्रुवारी अखेरपर्यंत जुन्या स्विचवर किमान पन्नास तास खेळलेलं असावं आणि ऑनलाइन सदस्यत्व एक वर्षाचं असावं. तरी सुमारे २२ लाख अर्ज आले, हे खुद्द फुरुकावांनी सांगितलं. आमचं सदस्यत्व वर्षाचं भरत नव्हतं. "तुम्ही मला कमी खेळायला दिलंत" हे वाक्य ऐकायची वेळ आई-बापांवर येते ती अशी. शेवटी शरद ऋतूत मिळालं, सोडतीशिवाय, साध्या दुकानात.

मशीन आल्यावर मला भीती होती की आता मेसेज थांबतील. आठवडाभर थांबलेही. मग जीटीए ६ सुरू झालं. दोघांच्याही वयाचा नाही तो गेम, घरात येणार नाही, हे दोघांनाही माहीत आहे. पण बातम्यांना वयाची अट नसते ना. त्या कंपनीने आधी २०२५ म्हटलं, मग २६ मे २०२६, आणि नोव्हेंबरात परत पुढे ढकलून १९ नोव्हेंबर २०२६.

परवा दादाने लिहिलं, १९ नोव्हेंबर पक्का, या वेळी कंपनीनेच सांगितलंय, आता म्हणे लावू नकोस.

याचं उत्तर आलं, "Company mhane."

त्यावरून दोघांचं रात्री साडेदहापर्यंत भांडण चाललं होतं, मराठीत. मी दिवा बंद करायला गेले नाही.